लाओसच्या डोंगरात : ह्मोंग घरातले देव, कागदी पैसे आणि बाकाचा घोडा

पहिला दिवस : लुआंग प्राबांग

लुआंग प्राबांगला येणारे बहुतेक प्रवासी विहार आणि मेकाँग पाहून परततात. आपल्याला इथून पूर्वेला, शिएंगखुआंग प्रांताच्या डोंगरात, ह्मोंग लोकांच्या घरी जायचं आहे. २०१५च्या जनगणनेनुसार लाओसमध्ये ह्मोंग ९.२ टक्के, म्हणजे लाओ आणि ख्मू यांच्यानंतरचा तिसरा मोठा समाज. एकोणिसाव्या शतकात ते दक्षिण चीनमधून खाली सरकत आले आणि दऱ्यांतली भातशेती आधीच इतरांकडे असल्यामुळे डोंगरमाथ्यावर राहिले. पितर, घरातले देव आणि त्सी नेंग, म्हणजे परलोकात ये-जा करणारा जाणता, यांच्यावर त्यांचा सगळा व्यवहार चालतो. व्यवहार हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा.

पहिला दिवस तयारीचा. डिसेंबर २०२१मध्ये रेल्वे सुरू झाल्यापासून व्हिएंतियानहून इथे दोन तासांत येता येतं, त्यामुळे दुपार मोकळी मिळते. फूसी टेकडीच्या पायथ्याशी ‘ट्रॅडिशनल आर्ट्स अँड एथ्नॉलॉजी सेंटर’ हे छोटं संग्रहालय आहे. तिथे तासभर घालवला की ह्मोंग, अखा, ताय डाम यांचे पोशाख वेगळे ओळखू येतात आणि पुढे रस्त्यावर त्याचा उपयोग होतो. संध्याकाळी रात्रबाजारात ह्मोंग बायका भरतकाम विकतात. एखाद्या दुकानात जुनी लोखंडी कडी, पितळी घंटा, चिरलेल्या शिंगांच्या जोड्याही मांडलेल्या असतात. त्या घेऊ नयेत. ही त्सी नेंगच्या विधीची साधनं कुळातल्या एका जाणत्याकडून दुसऱ्याकडे जातात. बाजारातली बरीचशी खोटी असतात, आणि खरी असलीच तर तिच्यामागे बहुधा धर्म बदललेलं किंवा अडचणीत आलेलं एखादं घर असतं.

दुभाषा ह्मोंगच हवा. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना लाओ भाषा जेमतेम येते, आणि विधीतल्या गाण्यात जुन्या चिनी बोलीचे इतके शब्द असतात की घरच्या तरुणांनाही त्यातलं अर्धंच कळतं. दुभाष्याचं कूळ कोणतं, हे आधी विचारून ठेवावं. वांग, यांग, शिओंग, ली, मुआ, थाओ अशी कुळं आहेत. एका कुळाचे सगळे भाऊबंद मानले जातात, त्यांच्यात लग्न होत नाही. दुभाषा यजमानाच्या कुळाचा निघाला तर दारातला अर्धा तास वाचतो.

हंगामाबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. डिसेंबरच्या सुमारास ह्मोंग नववर्ष येतं, तेव्हा चेंडूफेक, नवे कपडे, केंग नावाचा सहा बांबूनळ्यांचा पावा असं सगळं पाहायला मिळतं, म्हणून लोक त्याच वेळी ‘शमन’, म्हणजे त्सी नेंगही, पाहायला येतात. पण नववर्षाला त्सी नेंग आपल्या मदतनीस देवांना रजा देतो. तेवढे दिवस देव्हारा रिकामा असतो आणि त्याला कोणी कामाला बोलावत नाही. उपचाराचा विधी पाहायचा असेल तर नववर्षानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. घरचे देव आणि त्यांचे नवे कागद पाहायचे असतील तर मात्र नववर्षच योग्य.

दुसरा दिवस : फू खूनमार्गे फोन्साव्हान

अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, वेळ सात ते आठ तास. मिनीव्हॅन सकाळी लवकर सुटतात. फू खूनच्या तिठ्यापर्यंत १३ क्रमांकाचा रस्ता आणि तिथून डावीकडे ७ क्रमांकाचा. वळणं इतकी की मळमळीची गोळी निघण्याआधीच घ्यावी. फू खून सुमारे १,४०० मीटरवर आहे आणि थंडीत दुपारीसुद्धा धुक्यात असतं.

रस्त्यावर घरं पाहत राहावं. लाओ आणि ख्मू घरं खांबांवर उचललेली असतात, तर ह्मोंग घर थेट जमिनीवर बसतं आणि आत चोपलेली माती असते. ही केवळ बांधणीची आवड नव्हे. मुलगा जन्मला की त्याची वार घराच्या मधल्या खांबाखाली पुरतात, मुलीची आईबापांच्या पलंगाखाली. माणूस मेल्यावर त्याचा आत्मा राहिलेल्या घरांतून उलट वाटेने जन्मस्थळी परततो, तिथे पुरलेली ही वार ‘जाकीट’ म्हणून अंगात घालतो आणि मगच पितरांकडे जातो. अंत्यविधीच्या गाण्यात ही गावं एकामागून एक उच्चारतात. एखादं गाव सुटलं तर वाट तुटते, म्हणून गाणाऱ्याला आधी नातेवाइकांकडून सगळा पत्ता घ्यावा लागतो. अलीकडे बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि वार मागून आणावी लागते. मिळाली नाही तर काय करायचं, यावर प्रत्येक घराचं उत्तर वेगळं.

फोन्साव्हान हे शिएंगखुआंग प्रांताचं मुख्य शहर, १,१०० मीटरवरच्या पठारावर. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते. स्वेटर नसेल तर इथल्या बाजारात घ्यावा, पुढे मिळणार नाही.

तिसरा दिवस : घर वाचायचं कसं

फोन्साव्हानहून पूर्वेला ७ क्रमांकाचा रस्ता नोंगहेतकडे, म्हणजे व्हिएतनामच्या हद्दीकडे जातो. वाटेत बान ताजोकसारख्या ह्मोंग गावात बॉम्बची रिकामी कवचं कोठारांचे खांब आणि कुंपण म्हणून उभी आहेत. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधले छोटे गोळे २७ कोटींच्या घरात, आणि त्यातले ३० टक्के फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. त्यामुळे नियम एकच, पण तो मोडायचा नाही : मळलेली वाट सोडायची नाही. विधीसाठी पानं किंवा बांबू आणायला घरचे निघाले तरी त्यांच्यामागे झाडीत शिरू नये. त्यांना आपली जमीन माहीत असते, आपल्याला नाही.

गावात शिरल्यावर आधी दाराच्या चौकटीवर पाहायचं. हिरव्या पानांची जुडी बांधलेली असेल तर घरात पाळणूक, म्हणजे परक्यांना मनाई, चालू आहे. विधी नुकताच झालेला असतो किंवा कोणी बाळंतीण असते. अशा घरात शिरायचं नाही, दारातून हाकही मारायची नाही. विधीनंतरची पाळणूक सहसा तीन दिवसांची, बाळंतिणीची महिनाभराची. पाहुणा शिरला आणि नंतर घरात कोणी आजारी पडलं, तर ते निवारायचा विधी त्या पाहुण्याच्या खर्चाने करावा लागू शकतो. पानं सुकून गळून पडलेली असतात, तेव्हा हमखास घोटाळा होतो. शंका असेल तर बाहेरच थांबून दुभाष्याला शेजाऱ्याकडे पाठवावं.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर, दाराच्या बरोबर समोर, कागदाचा एक आयत दिसतो. हा ‘सू का’, घरधन्याचा देव. पांढऱ्या कागदावर सोनेरी-चंदेरी वर्खाचे चौकोन, त्यावर रक्ताने चिकटवलेली कोंबड्याच्या मानेची पिसं, आणि खाली उदबत्त्या खोचायला बांबूचं नळकांडं किंवा वाटी. हा प्रत्येक घरी असतो आणि त्याला त्सी नेंग लागत नाही. नववर्षाच्या आदल्या रात्री घरचा कर्ता कोंबडा देतो, जुना कागद उतरवून जाळतो आणि नवा लावतो. पिसं ताजं रक्त ओलं असतानाच चिकटवावी लागतात. उशीर झाला तर ती गळतात, आणि वर्षभर गळक्या पिसांचा सू का बघत बसायला कोणत्याच घराला आवडत नाही.

याखेरीज मधला खांब, रोजची चूल, डुकरांचं अन्न शिजवायची मोठी मातीची चूल, माळा, निजायची खोली आणि मुख्य दार, प्रत्येकाचा आपापला देव. दारावरच्या देवाकडे घरात येणारं धन आणि आत्मे राखायचं काम असतं, त्याची खूण म्हणून चौकटीच्या वर लाल कापडाचा तुकडा लावतात. म्हणून उंबऱ्यावर उभं राहायचं नाही, खांबाला टेकायचं नाही, चुलीवर पाय शेकायचे नाहीत, निजायच्या खोलीत डोकावायचं नाही. सून घरात येते तेव्हा याच दारात तिच्या डोक्यावरून कोंबडा ओवाळतात. तेव्हापासून ती या घरच्या देवांची. त्यानंतर तिला माहेरी बाळंत होता येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करणाऱ्या आपल्याकडच्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल, पण ह्मोंग हिशेबात एका घरच्या देवांनी दुसऱ्या घरची माणसं सांभाळायची नसतात.

आता त्सी नेंगच्या घरातला देव्हारा, ‘था नेंग’. सू का आणि ‘था नेंग’ यांची गल्लत बहुतेक प्रवासी करतात. था नेंग त्याच भिंतीला, सू काच्या शेजारी असतं, पण ते लाकडी मांडणीसारखं असतं. नवशिक्याचं एका फळीचं, अनुभवी माणसाचं दोन फळ्यांचं. सगळं वर्खाच्या कागदाने मढवलेलं. वरच्या फळीवर कच्च्या तांदळाचा वाडगा आणि तांदळात उभं खोचलेलं अंडं, शेजारी पाण्याच्या वाट्या, भाजून फुलवलेला मका किंवा भात, उदबत्त्या आणि दिवा. साधनंही तिथेच : काळी झांज, तिचा कापड गुंडाळलेला टोला, पातळ चकत्या ओवलेलं लोखंडी कडं, बोटांत घालायच्या पितळी घंटा, चिरलेल्या शिंगांची जोडी. मांडणीपासून दाराकडे आढ्याखालून दोरे ताणलेले असतात. मदतनीस देव या दोऱ्यांवरून ये-जा करतात. उंच पाहुण्याचं डोकं नेमकं तिथेच लागतं, तेव्हा वर बघून चालावं. कडेला डुकरांच्या जबड्यांची माळ टांगलेली असते. तिचं काम पाचव्या दिवशी.

त्सी नेंग स्वतःहून कोणी होत नाही. लांबत चाललेलं, औषधाला दाद न देणारं आजारपण येतं. दुसरा जाणता ते पाहून सांगतो की कुळातल्या एखाद्या मेलेल्या त्सी नेंगचे मदतनीस देव या माणसाकडे आले आहेत. मान्य केलं की आजार उतरतो आणि दोन-तीन वर्षांची शिकवणी सुरू होते. पुरुष असो वा बाई, दोघांनाही हे येतं. परंपरेने पहिला त्सी नेंग शी यी, आणि आजचे सगळे त्याचीच साधनं पुढे चालवतात.

चौथा दिवस : पहाटेची आत्मा-हाक

‘हू प्ली’ म्हणजे निघून गेलेल्या आत्म्याला घरी बोलावणं. हे काम घरातला जाणता म्हातारा किंवा म्हातारीही करते. घाबरणं, पाण्यात पडणं, शस्त्रक्रिया, दूरचा प्रवास यात आत्मा मागे राहतो. मग भूक जाते, झोप उडते, अंग गळून जातं. बाळाला तिसऱ्या दिवशी नाव देताना हीच हाक देतात. तोवर ते पूर्ण माणूस धरत नाहीत. माणसाला आत्मे किती, याचा आकडा घराघरांत बदलतो. तीन म्हणणारे आहेत, बत्तीस म्हणणारेही आहेत. त्यावरून वाद घालू नये.

उजाडताना मुख्य दार सताड उघडतात. उंबऱ्याच्या आत लहान मेज. त्यावर कच्च्या तांदळाचा वाडगा, मध्यभागी एक अंडं, तीन उदबत्त्या आणि आजाऱ्याचा अंगातला सदरा. शेजारी पाय बांधलेला कोंबडा आणि कोंबडी. हाक देणारा बाहेर तोंड करून उभा राहतो आणि आत्म्याला शेतातून, ओढ्यातून, बाजारातून, जिथे कुठे अडकला असेल तिथून बोलावतो : इथे भात आहे, आईबाप आहेत, परक्याच्या दारात राहू नकोस. मधूनमधून शिंगांची जोडी जमिनीवर टाकतो. कोकणातला माणूस याला लगेच कौल म्हणेल, आणि ते बरोबरच आहे.

शिंगं जवळून पाहण्यासारखी असतात. म्हशीच्या शिंगाचं टोक, वीतभर किंवा थोडं कमी लांबीचं, उभं चिरून दोन भाग केलेले. प्रत्येकाची एक बाजू सपाट, दुसरी गोल. वापराने कडा काळ्या-चकचकीत झालेल्या. पडण्याच्या तऱ्हा तीनच : दोन्ही सपाट बाजू वर, दोन्ही गोल वर, किंवा एक-एक. कुठलं पडणं ‘होय’, ते टाकण्याआधी प्रश्नासोबत बोलून ठरलेलं असतं. म्हणून पाहुण्याने अर्थाचा तक्ता करू पाहू नये. तेच पडणं पुढच्या प्रश्नाला उलटं लागतं. नको ते पडलं तर हाक पुन्हा, जरा जास्त आर्जवाने. चार-पाचदा उलटं पडलं तर मात्र हाक देणारा थांबतो. याचा अर्थ आत्मा नुसता वाट चुकलेला नाही, कोणीतरी धरून ठेवला आहे, आणि आता त्सी नेंग लागणार.

कौल मिळाला की कोंबड्या कापून अख्ख्या उकळतात, डोकं आणि पाय न तोडता. अंडंही उकडतात. मग सगळं पुन्हा दारातल्या मेजावर आणि दुसरी हाक, या वेळी आत्म्याला उंबऱ्याच्या आत घेणारी. त्यानंतर वाचन. आधी पाय : बोटं सारखी, एकत्र आत वळलेली असतील तर चांगलं, एखादं बोट फटकून उभं असेल तर घरातलं कोणीतरी अजून बाहेर आहे. मग जिभेखालचं हाड. चोच उघडून जीभ मुळापासून हळू ओढली की एक नाजूक हाड हाती येतं, दोन लांब शिंगं आणि मधे बारीक टोक. शिंगं सारखी वळलेली हवीत. एकमेकांवर चढलेली नकोत. कवटी सोलून उजेडाकडे धरतात; रंग सारखा असावा, डाग नसावा. अंडं गुळगुळीत सुटावं.

बिघडतं ते शिजवताना. जाळ मोठा झाला की पायाची कातडी फाटते आणि बोटं आपोआप फाकतात. मग ते लक्षण की जाळाचा दोष, यावर म्हाताऱ्यांची चर्चा रंगते. थंड चोचीतून जीभ ओढली तर हाड मोडतं. ती गरम असतानाच काढायची. अंडं तडकलं तर ते वाचत नाहीत, दुसरं लावतात. म्हणून चतुर गृहिणी एक अंडं जास्तीचं टाकते.

शेवटी पांढरे दोरे. दोरा आधी मनगटावरून बाहेरच्या दिशेने फिरवतात, वाईट झाडून टाकायला. मग आतल्या दिशेने, चांगलं आणायला. आणि मग गाठ. पाहुण्यालाही बांधतात. निदान तीन दिवस तो कापायचा नाही, नंतरही ओढून तोडायचा नाही, सोडायचा.

पाचवा दिवस : त्सी नेंग बाकावर बसतो तेव्हा

हा विधी ‘पाहायला मिळेल’ असं आधी ठरवून येता येत नाही. कुठल्या घरी आजारी आहे, कधी ठरलं आहे, घरचे परवानगी देतात का, यावर सगळं. पैसे घेऊन खास पाहुण्यांसाठी विधी करतो म्हणणारा भेटला तर सरळ नाही म्हणावं. कामाशिवाय मदतनीस देवांना उठवणं ह्मोंगांच्या दृष्टीने धोक्याचं आहे. जो ते करायला तयार आहे तो एकतर नाटक करतो आहे, किंवा तुमच्यापेक्षा जास्त धोका पत्करतो आहे.

विधीचे दोन भाग असतात आणि मधे काही दिवस जातात. पहिला ‘उआ नेंग साय’, बघण्याचा. त्सी नेंग आजाऱ्याचा सदरा, तांदूळ आणि अंडं घेऊन आपल्याच देव्हाऱ्यापुढे बसतो आणि कुठे काय अडलं आहे ते शोधतो. आजाऱ्याने हजर असायची गरज नाही. सापडलं की नवस बोलतो : अमुक दिवसांत उतार पडला तर अमुक देऊ. उतार पडला तर दुसरा भाग, ‘उआ नेंग खो’, दुरुस्तीचा. नाही पडला तर निदान चुकलं, दुसऱ्या त्सी नेंगकडे जायचं. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आजारी माणूस दवाखान्यातही जात असतो. दोन्ही एकाच वेळी चालतं आणि घरच्यांना त्यात विसंगती दिसत नाही.

दुरुस्तीचा विधी आजाऱ्याच्या घरी होतो. देव्हारा तात्पुरता, सू कापुढच्या मेजावर : तांदूळ, अंडं, पाणी, उदबत्त्या, शिंगं. मेजासमोर लांब, अरुंद लाकडी बाक. हा बाकच घोडा. देव्हाऱ्यापासून दारापर्यंतची सरळ रेषा मोकळी ठेवायची, विधी चालू असताना ती कोणी ओलांडायची नाही. पाहुण्याने कडेच्या भिंतीला, चुलीच्या बाजूला बसावं, आणि एकदा बसल्यावर उठू नये. लघवीला जाऊन यायचं ते आधी. सुरू झालं की तीन-चार तास सहज जातात.

पुरुष मंडळी आधी कागद तयार करतात. बांबूच्या कागदाचा गठ्ठा लाकडी ठोकळ्यावर ठेवून अर्धचंद्राच्या छिन्नीने ठोकत ओळीने खुणा पाडतात. खूण म्हणजे नाणं. जाड गठ्ठा एका ठोक्यात कापायचा मोह झाला की खालचे कागद कोरे राहतात, आणि कोरा कागद तिकडे, परलोकात, पैसा म्हणून चालत नाही.

सुरुवात उदबत्त्या आणि झांजेने. त्सी नेंग बोटांत घंटा घालतो, हातात लोखंडी कडं घेतो आणि तोंडावर काळं कापड ओढून घेतो. कापडाने डोळे झाकणारा तो बोलावणं आलेला त्सी नेंग. उघड्या तोंडाने करणारेही असतात, पण ते शिकून झालेले, फार खोल न जाणारे, आणि लोक त्यांना लहान कामांनाच बोलावतात. बाकावर बसल्यावर पाय टाचेपासून हलायला लागतात. मिनिटभरात आख्खं अंग उसळतं, ओठांतून घोडा फुरफुरल्यासारखा आवाज येतो, कड्याच्या चकत्या एका तालात झणझणतात. गाणं सुरू होतं : कोण कोण मदतनीस आले, कोणत्या वाटेने निघालो, कुठे चढ आहे.

आपल्याकडे अंगात येतं म्हणजे देव माणसात उतरतो आणि त्याच्या तोंडून बोलतो. इथे दिशा उलटी आहे. देव येत नाही, त्सी नेंग जातो. तो घोडेस्वार आहे, मदतनीस ही त्याची फौज आहे, आणि तो पूर्ण वेळ स्वतःच असतो. गाण्यात तो मागची खबर देत राहतो. मग तिकडे बोलणी होतात. जन्माला येताना प्रत्येकाला जगण्याचा परवाना मिळतो, तो देणारा न्यू वा तुआ तेंग, टेबलामागे बसलेला मोठा कारकून म्हणावा असा. परवान्याची मुदत संपत आली असेल तर वाढवून घ्यायची. आत्मा कोणी धरून ठेवला असेल तर बदल्यात काय घेणार ते विचारायचं. तिथे रडून-भाकून काम होत नाही. मोबदला आणि कागद लागतात.

मोबदला म्हणजे डुक्कर. सहसा एक, मोठ्या आजारात दोन. आजारी माणूस बाकामागे स्टुलावर बसतो, त्याच्यामागे डुक्कर, आणि दोघांना एका दोरीने गुंफतात. मदतीचा एक माणूस झांज घेऊन आजाऱ्याच्या मागे उभा राहतो. डुकराला आधी सांगतात की तुझा आत्मा या माणसाच्या आत्म्याची राखण करणार आहे, त्याबद्दल तुला हे पैसे. मग कापतात. रक्त वाडग्यात धरतात आणि लगेच आजाऱ्याच्या पाठीवर, सदऱ्यावरच, ठसे उठवतात. ठसा म्हणजे शिक्का, तिकडच्यांना दिसावा म्हणून. थंडीत रक्त झपाट्याने गोठतं, गोठलं की ठसा उमटत नाही. म्हणून वाडगा ढवळत राहायचं काम एका पोराकडे असतं. डुकराच्या नावाचे पैसे वेगळे जाळतात. ते विसरले तर डुकराचा आत्मा कामच घेत नाही असं म्हणतात, त्यामुळे हा ढीग कोणाचा आणि तो कोणाचा, यावर म्हातारे बारीक लक्ष ठेवून असतात. जाळायला लोखंडी घमेलं. गवताच्या छपराखाली उडालेला एक जळता कागद पुरेसा असतो, म्हणून शेजारी पाण्याची बादली.

सगळ्यात अवघड काम बाकाशेजारच्या दोघांचं. त्सी नेंग मधेच उडी मारून बाकावर उभा राहतो, तोंड झाकलेलं, दोन्ही हातांत साधनं. दोघांनी कमरेला धरून त्याला तोलायचं, पण अडवायचं नाही. तो पडला तर स्वार घोड्यावरून परमुलखात पडला, असा अर्थ. मातीच्या जमिनीत बाकाचे पाय थोडे रुततात आणि बाक स्थिर राहतो. हल्ली घरांत सिमेंट किंवा फरशी आली आहे, तिथे बाक सरकतो. त्यासाठी खाली पोतं अंथरतात, तेही सरकलं तर दोघांपैकी एकजण पाय रोवून बाक अडवतो. झांज वाजवणाऱ्याचा ताल तुटला तर घोडा अडतो. हात भरून आला की टोला दुसऱ्याकडे, पण मधे एक ठोकाही चुकू न देता.

परतीला गाणं उलट्या वाटेने येतं, मदतनीस नावानिशी मोजून घेतले जातात. कापड वर होतं, शिंगं पडतात, सगळे आले का, कागद पोचले का. बऱ्याचदा शिंगं पहिल्यांदा टाकली की ‘नाही’च येतं. मग आणखी कागद छिन्नीखाली जातो, जाळला जातो, पुन्हा शिंगं. कौल मिळेपर्यंत कोणी उठत नाही.

मग दारात हू प्ली, दोरे, आणि जेवण. घरचे पुरुष गुडघे टेकून त्सी नेंगला वाकून नमस्कार करतात. त्याची बिदागी माफक : डुकराचा वाटा, थोडी रोकड. जबडा त्याच्या देव्हाऱ्याशी टांगला जातो, तीच ती माळ. शाकाहारी पाहुण्याने आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. भात, उकडलेला मोहरीचा पाला, भोपळा आणि मिरचीचा ठेचा मिळतो, आणि त्यावर पोट चांगलं भरतं. भाताची दारू मात्र टाळणं कठीण. पेला ओठांना लावून दुभाष्याकडे सरकवण्याची पद्धत सर्वमान्य आहे. पाहुण्याने पाकीट द्यायचं ते घरच्या कर्त्याला, दोन्ही हातांनी, जेवणानंतर.

सहावा दिवस : नोंगहेत

पाचव्या दिवसाच्या घरी आता पानं लागली असतील, तेव्हा तिकडे फिरकायचं नाही. नोंगहेतला जावं. बाजार सकाळी लवकर भरतो आणि दहानंतर ओसरतो. इथे उदबत्त्या, वर्खाचे कागद, दोरे यांचे गठ्ठे मिळतात. वर्ख बहुतेक हद्दीपलीकडून येतो. हाताचा बांबू कागद क्वचित दिसतो. तो करायला कोवळा बांबू चिरून राखेच्या पाण्यात शिजवायचा, कुटायचा, चिकट रस घातलेल्या पाण्यात कालवून चौकटीवर ताणलेल्या कापडावर ओतायचा आणि उन्हात वाळवायचा. पावसाळी हवेत कागद कापडालाच चिकटून बसतो, म्हणून हे काम कोरड्या दिवसांचं. खरखरीत, पिवळसर, एका बाजूला कापडाची वीण उमटलेला. हातात घेतल्यावर गिरणीच्या कागदापासून लगेच वेगळा कळतो.

काही घरांवर क्रूस दिसतात. ती घरं ख्रिस्ती झालेली. तिथे सू काची जागा रिकामी असते आणि त्याविषयी खोदून विचारणं बरं दिसत नाही. एकाच भावकीतले दोन भाऊ दोन वाटांना लागले की मयताच्या वेळी पेच पडतो, वाट दाखवायचं गाणं म्हणायचं की नाही.

सातवा दिवस : परत

फोन्साव्हानहून व्हिएंतियानला विमान आहे, पण धुक्याने रद्द होतं, त्यामुळे पुढचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नये. सकाळी वेळ असेल तर रांजणांच्या पठाराचं पहिलं स्थळ पाहून घ्यावं. २०१९पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. त्या दगडी रांजणांचा ह्मोंगांशी संबंध नाही, ते कितीतरी जुने. जमिनीत बसवलेल्या खुणांच्या विटांची पांढरी बाजू म्हणजे साफ केलेली जमीन, तांबडी म्हणजे न केलेली. पांढऱ्याच्या आत चालायचं.

ज्यांना उरलेला भाग पाहायचा असेल त्यांनी नववर्षाच्या आदल्या आठवड्यात परत यावं. तेव्हा त्सी नेंग वर्षभराची जबड्यांची माळ उतरवून जाळतो, राखण करून थकलेल्या डुकरांना पैसे देऊन मोकळं करतो, आणि मदतनीसांना रजेवर पाठवतो. त्यासाठी ज्या घरी दुरुस्तीचा विधी पाहिला, त्याच घरच्यांना निघताना विचारून ठेवावं. तारीख चांद्र महिन्यावर आणि गावच्या कापणीवर ठरते, आणि शेजारशेजारच्या गावांतही ती आठवडाभराने पुढे-मागे होते.